खाशाबा जाधव : पदकाच्या आधीचा आणि नंतरचा माणूस

मंजिरी_सातारा

नमस्कार मंडळी,

१५ जानेवारी जवळ आला. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या शाळेत त्या दिवशी कार्यक्रम असतो आणि यंदा मुलांशी बोलायचं काम माझ्याकडे आलंय. सातवी-आठवीची मुलं आहेत, अर्ध्याहून जास्त शेतकऱ्यांच्या घरची.

गेल्या वर्षीचं भाषण मी मागे बसून ऐकलं होतं. हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. टाळ्या झाल्या. मग सातवीतल्या एका पोराने हात वर केला, "सर, मग पुढं काय केलं त्यांनी?" सर म्हणाले, "पोलिसात होते." तेवढ्यात घंटा झाली.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पदक जिंकलं तेव्हा खाशाबा २६ वर्षांचे होते. गेले तेव्हा ५८ चे. मधली ३२ वर्षं हा माणूस नोकरी करत होता, संसार करत होता, गावाशी नातं ठेवून होता. त्यातलं आपण काय सांगतो? काहीच नाही.

म्हणून विचारते: पदक बाजूला ठेवलं तर खाशाबांचं काय आठवावं? आणि तुमच्या गावात असा कुणी होता का, अंगात खेळ, डोक्यात गाव आणि घरी बायकापोरं असलेला? त्यांच्याबद्दलही लिहा. मुलांना पुतळ्यापेक्षा माणूस भेटावा असं वाटतं.

---

रानवारा

फार चांगला विषय. बसतोय वाचत.

---

कृष्णाकाठ_कराड

मंजिरीताई, सुरुवात गोळेश्वरपासून करा. कराडला लागूनच आहे गाव. घरात कुस्ती आधीपासून, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये.

आणि एक गोष्ट भाषणांत कधीच येत नाही. बेचाळीसच्या चळवळीत हा मुलगा शाळेत होता. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे नाना पाटलांचं पत्री सरकार. भूमिगतांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोचवणं ही कामं खाशाबांनी केली. सोळा वर्षांचं पोर, पकडलं गेलं असतं तर कुस्ती तिथंच संपली असती.

तुमच्या आठवीच्या मुलांना हे जवळचं वाटेल, कारण वयात फार अंतर नाही.

---

अभय_पुणे

तपशिलाची एक भर. 'भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' असं नुसतं म्हटलं की कुणीतरी नॉर्मन प्रिचर्ड काढतो. १९०० साली पॅरिसला त्याने भारताच्या नावावर धावण्यात दोन रौप्यपदकं घेतली होती. त्यामुळे 'स्वतंत्र भारताचं' हा शब्द गाळू नका.

मुलांना अंतराचा अंदाज द्यायचा असेल तर असं सांगा. खाशाबांनंतर पुढचं वैयक्तिक पदक १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं. ४४ वर्षं गेली. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक २०२४ मध्ये, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, नेमबाजीत. तब्बल ७२ वर्षं. राधानगरी तालुक्यातलं गाव ते. म्हणजे दोन्ही पदकं सह्याद्रीच्या याच पट्ट्यातल्या लहान गावांतून आली.

---

तालीमवाला

अभयराव, बरोबर. पण पदक बाजूला ठेवायचं म्हटलं तरी कुस्ती बाजूला ठेवून खाशाबा कळणार नाहीत. थोडं सविस्तर लिहितो.

आपली पोरं मातीत वाढली. तालमीतली माती म्हणजे शेतातनं उचलून आणलेली ढेकळं नव्हेत. चाळलेली तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. रोज खोऱ्याने उकरायची, पायाने तुडवायची. त्या मातीत पाय किंचित रुततो, त्यामुळे ताकद लावायला आधार मिळतो. मॅटवर तसं नाही. तिथं पाय सुटा राहतो, घाम सांडला की घसरतो आणि सगळा खेळ चपळाईवर जातो. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती चालायची. मॅटवर घड्याळ आणि गुण.

१९४८ ला लंडनला गेले तेव्हा या मॅटचा आणि त्या नियमांचा सराव खाशाबांना जवळपास नव्हताच. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना शिकवलं. एवढ्या भांडवलावर फ्लायवेटमध्ये सहावा नंबर काढला. मला तर तो सहावा नंबर कांस्याइतकाच मोठा वाटतो.

परत आल्यावर चार वर्षं मेहनत केली, वजनगट वाढवला, ५७ किलोत उतरले. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान काखेत धरायची, कंबर आत घालायची आणि उचलून आपटायचं. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. समोरचा उंच असला तर उलट बरं, खालून शिरायला जागा मिळते.

आमचे वस्ताद ढाक शिकवताना दुसरं नाव घेत नसत. "खाशाबासारखी कंबर आत घाल" एवढंच. त्यांनी खाशाबांची कुस्ती स्वतः पाहिली नव्हती, त्यांच्या वस्तादांनी पाहिली होती. मी आज पोरांना तेच वाक्य सांगतो.

---

शुभदा

मंजिरी, तू 'पदक बाजूला ठेवून' म्हणतेस, पण पदकाच्या आसपासच त्या माणसाची खरी ओळख आहे असं मला वाटतं.

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. घरच्यांनी गावात वर्गणी काढली, लहान लहान दुकानदारांनी जमेल ते दिलं. सरकारकडे चार हजार मागितले, तर स्पर्धा झाल्यावर या म्हणाले. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार!

पदक घेऊन परतल्यावर खाशाबा थांबले नाहीत. कुस्त्यांची मैदानं घेतली, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. ऑलिंपिकहून आलेला माणूस सगळ्यात आधी गुरुजींचं कर्ज फेडतो. तुझ्या त्या मुलाने विचारलं ना, पुढं काय केलं? पुढं हे केलं.

---

निखिल_ठाणे

शुभदाताई, ही गोष्ट ऐकली की सगळे हळवे होतात. माझं मत वेगळं आहे. प्राचार्याने घर गहाण टाकावं लागणं ही अभिमानाची नाही, लाजेची गोष्ट आहे. आपण ती दर वर्षी गोड करून सांगतो आणि मुलांना नकळत शिकवतो की खेळाडू असेच तयार होतात, कुणाचं तरी घर पणाला लावून. निवडीसाठीसुद्धा त्यांना पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागावी लागली होती. गुणवत्ता समोर असताना दाद का मागावी लागते, हे मुलांना सांगा.

---

शुभदा

निखिल, लाजेची आहेच. कुणाची लाज, ते मुलांना नक्की सांगावं. पण खर्डेकर सर आणि खाशाबा यांचा त्यात काय दोष? व्यवस्थेने हात वर केले तेव्हा दोन माणसं एकमेकांसाठी उभी राहिली. एक घर गहाण टाकतो, दुसरा ते सोडवतो. हा व्यवहार सांगितला नाही तर मुलांपर्यंत फक्त राग पोचेल.

---

निखिल_ठाणे

दोन्ही सांगा मग. माझा आग्रह एवढाच की राग गाळू नका.

---

वडगावचा_दादा

मिरवणुकीचं कुणी लिहिलं नाही अजून! कराड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभराच्या वर बैलगाड्या आल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी तासन् तास लागले. माझे आजोबा लेझीम पथकात होते. ते सांगायचे, गाडीत बसलेल्या माणसाला पाहून पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. "एवढासाच?" असं बाजूची म्हातारी म्हणाली म्हणे. आजोबांनी तिला ऐकवलं, "आजी, मिरची बी एवढीशीच असती."

---

अभय_पुणे

गाड्या १०१ की १५१? दोन्ही आकडे वाचलेत.

---

कृष्णाकाठ_कराड

१५१ हा आकडा त्यांच्या घरच्यांच्या आठवणींत येतो. गावात कुणी १०१ म्हणतं. एकशे एक किंवा एकशे एक्कावन्न म्हणजे शुभ आकडा, नारळ-देणगीतला. शंभरावर म्हणा, कुणी भांडणार नाही.

---

वडगावचा_दादा

आमचे आजोबा म्हणायचे, बैलांच्या शिंगांना रंग लावायला गावात रंग उरला नव्हता. हाच खरा आकडा समजा :)

---

स्मिता_पोलीसलाईन

बराच वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते, कारण 'पोलिसात होते' हे तीन सेकंदांत संपणारं वाक्य मला टोचलं.

माझे वडील पोलिसात होते आणि कबड्डी खेळायचे. खाशाबा १९५५ साली फौजदार म्हणून पोलिसात आले, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, खात्यातल्या मुलांना शिकवलं आणि निवृत्त होताना सहायक पोलीस आयुक्त होते. पुढच्या ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याने दगा दिला नसता तर मेलबर्नलाही गेले असते. वडिलांच्या पिढीतल्या खेळाडू पोलिसांसाठी ते नाव काय होतं, ते मी घरात पाहिलंय. सरावाला जाताना वडील म्हणायचे, "ऑलिंपिकवाला माणूस ड्युटी करून खेळला, आपल्याला काय धाड भरलीय?"

पोलीस खेळाडूचं आयुष्य कसं असतं ते सांगते. पहाटे साडेचारला उठून मैदान. आठला परेड. मग ठाणं. गणपतीत, मोहरमला, निवडणुकीला बंदोबस्त, म्हणजे इतर घरांत सण असतो तेव्हा आमच्या घरात बाप नसायचा. रात्री बूट काढताना त्यांचे पाय सुजलेले असायचे. आई परातीत गरम पाणी आणि मीठ घालून ठेवायची. त्या परातीच्या कडेला पोचा पडला होता, तो नेमका वडिलांच्या टाचेखाली यायचा, म्हणून ते परात फिरवून घ्यायचे. दर वेळी.

लाईनीतल्या मुलींना कबड्डी त्यांनी शिकवली. तेव्हा शेजारच्या बायका नाकं मुरडायच्या. वडील म्हणाले, "माझी पोरगी खेळणार, तुमची बघायला येऊ द्या." हळूहळू बघायला आलेल्या सगळ्या खेळायला लागल्या.

आणि मंजिरी, एक गोष्ट आवर्जून. पैलवानाची खुराक येते कुठून? दूध, तूप, बदाम, थंडाई असं आपण कौतुकाने सांगतो. ते तूप कढवणारी, स्वतःच्या ताटात कमी वाढून घेणारी बाई त्या गोष्टीत नसते. खाशाबांच्या माघारी त्यांच्या पत्नीचे हालच झाले, मदतीसाठी वाट पाहावी लागली. कुटुंबवत्सल माणूस म्हणून त्यांना आठवायचं असेल तर कुटुंबाने काय सोसलं तेही त्याच दमात सांग. मुली ऐकत असतील समोर.

---

शुभदा

स्मिता, तुझ्या बाबांबद्दल वेगळा धागा काढ. खरंच.

---

रानवारा

+१. ती परात डोळ्यांसमोर आली.

---

कोयनेचा_पाहुणा

मंजिरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमच्या पाटण तालुक्यातल्या गावात आमचे थोरले चुलते असेच होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं.

बेताचे पैलवान. जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून पुढे पाच-पन्नास रुपयांच्या कुस्तीपर्यंत गेले, त्याच्या वर नाही. पण गावच्या तालमीची किल्ली त्यांच्याकडे. पहाटे तालीम उघडायची, मारुतीपुढे दिवा लावायचा, हौद्यातली माती खणायची. मुलं आली तर शिकवायची, नाही आली तर एकट्याने जोर-बैठका मारून शेतावर जायचं.

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या सुमारास जमीन हलली. थंडीचे दिवस, सगळं गाव झोपेत, दगडमातीची घरं. कोयनानगरच्या बाजूला तर हाहाकारच होता. आमच्या गावात भिंती ढासळल्या. चुलते तेव्हा तालमीतच होते, उठून दिवा लावत होते. तालमीच्या खोऱ्यांनी आणि घमेल्यांनीच पहिला ढिगारा उपसला. रोज मातीत कमवलेलं अंग त्या दिवशी कामाला आलं. एका घराच्या तुळया कोसळून दार बंद झालं होतं. आत म्हातारी आणि दोन लेकरं. तालमीतल्या सहा-सात पोरांनी एक तुळई खांद्यावर तोलून धरली आणि चुलत्यांनी खालून सरपटत जाऊन तिघांना बाहेर काढलं. तुळई धरणाऱ्यांत माझे वडील होते. ते सांगायचे, चुलते आत असताना परत एक धक्का बसला. कुणी खांदा काढला नाही.

त्यानंतर चुलते बारा महिने गावाच्या कामात अडकले. पत्र्याच्या शेड, शाळेची भिंत, विहिरीचा गाळ. ग्रामपंचायतीवर बिनविरोध गेले, ते निवडून यायची हौस होती म्हणून नव्हे. लोकांना माहीत होतं की सिमेंटचं पोतं मोजून घेणारा हा एकच माणूस आहे. काकू म्हणायच्या, "घरचं छप्पर सगळ्यात शेवटी झालं." रागाने म्हणायच्या आणि पुढच्या वाक्याला डोळे पुसायच्या.

खाशाबांशी तुलना करत नाही. पण असा माणूस गावात घडायला कुठंतरी खाशाबांचं नाव कानावर पडावं लागतं. तालमीत त्यांचं वर्तमानपत्रातलं चित्र चिकटवलेलं होतं, धुराने काळं पडलेलं. लहानपणी मला तो देवच वाटायचा, मारुतीच्या शेजारचा.

---

तालीमवाला

पाहुणे, काय लिहिलंत हो. कुणी खांदा काढला नाही. पैलवानकी म्हणतात ती हीच.

---

मंजिरी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचताना दोनदा थांबावं लागलं.

निखिल, तुझा मुद्दा पटतोय. पेन्शन आणि पुरस्कारांबद्दल नेमकं काय झालं ते थोडक्यात लिहिशील? मुलांपुढे कच्ची माहिती ठेवायची नाही.

---

निखिल_ठाणे

लिहितो, नक्की माहीत आहे तेवढंच.

निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, म्हणजे देशाला आठवण होती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म. शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, मरणोत्तर. अर्जुन त्याच्याही नंतर, २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. आणि २०१७ मध्ये गोळेश्वरला कुस्ती संकुल होत नाही म्हणून घरच्यांना ते पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली.

ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याला हे सगळं कळू दे. पुढं त्यांनी काय केलं हे सांगताना, पुढं आपण त्यांच्यासाठी काय केलं नाही, हेही.

---

कृष्णाकाठ_कराड

निखिल, माहिती बरोबर आहे. तरीही एक सांगतो, रागावू नका. बाहेरून येणारे पत्रकार गोळेश्वरला येतात ते 'उपेक्षित' हा शब्द आधीच लिहून आणतात. मग त्यांना फक्त दुःख दिसतं. गावाला खाशाबा बिचारे कधीच वाटले नाहीत. त्यांच्या घराचं नाव 'ऑलिंपिक निवास'. केवढा ताठ कणा आहे त्या नावात! दारावर असं नाव लावणाऱ्याला कीव नको असते, हक्क हवा असतो. मुलांसमोर त्यांचं रडगाणं होऊ देऊ नका.

---

निखिल_ठाणे

हक्क हा शब्द आवडला. मान्य.

---

प्राची_फिनलंड

थोडं उशिरा आले धाग्यावर. मी हेलसिंकीत राहते.

१९५२ च्या कुस्त्या झाल्या ती इमारत मेसुहाल्ली. आजही उभी आहे आणि वापरात आहे. आता ते सार्वजनिक क्रीडागृह आहे. शहरातली कुणीही माणसं येऊन खेळतात, लहान मुलांचे वर्ग चालतात, म्हातारी माणसं बॅडमिंटन खेळतात. मी तिथं जाते तेव्हा दर वेळी मनात येतं, याच छपराखाली २३ जुलै १९५२ ला कराडजवळच्या गावातला माणूस पदक घेऊन उभा होता. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून. जपानच्या इशीशी झालेली लढत फार लांबली. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लापुढे उभं राहावं लागलं आणि त्यांच्या बाजूने भांडायला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात.

इथल्या एका वयस्कर शेजाऱ्यांना मी खाशाबांबद्दल सांगितलं. १९५२ हे इथल्या लोकांच्या फार जिव्हाळ्याचं वर्ष आहे. युद्धातून सावरणाऱ्या लहान देशाने जगाला घरी बोलावलं होतं. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "मग त्यांच्या गावात मुलांसाठी असा हॉल आहे का?" मंजिरी, तुझ्या आठवीतल्या मुलाचाच तो प्रश्न झाला, नाही का?

---

तालीमवाला

प्राचीताई, हॉलचा फोटो टाका ना. पोरांना दाखवतो.

आणि त्यांच्यासोबत कोल्हापूरचे केशव माणगावेही हेलसिंकीला गेले होते, त्यांचं नाव कुठंच येत नाही. तेही सांगा, मंजिरीताई.

---

वडगावचा_दादा

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. याच पट्ट्यातले इस्लामपूर पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. मारुती माने कवठेपिरानचे, गणपतराव आंदळकर पुनवतचे, दोघांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडला सुवर्ण आणलं. कृष्णा-वारणेच्या पाण्यात काय आहे कुणास ठाऊक.

---

स्मिता_पोलीसलाईन

पाण्यात नाही दादा, पहाटे तालमीचं कुलूप उघडणाऱ्या माणसांत आहे. पाहुण्यांच्या चुलत्यांसारख्या.

---

रानवारा

इतका वेळ गप्प होतो, आता विचारतोच. आमच्या गावात तालीम आहे, माती आहे, दोन वर्षांपूर्वी खासदार निधीतून मॅटसुद्धा आली. ती गुंडाळून ठेवलीय, कारण किल्ली घेणारा कुणी नाही. वस्ताद गेले, मुलं जिमला जातात. जिममध्ये अंग होतं, पण पूर आला की कुणाला हाक मारायची ते कळत नाही. २०१९ ला आमच्याकडे पाणी शिरलं तेव्हा जुन्या तालमीतले साठीचे लोक उतरले होते पाण्यात. खाशाबांना आठवायचं म्हणजे मला हेच आठवतं. मंजिरीताईंना उत्तर देण्यापेक्षा मलाच तुमच्याकडून उत्तर हवंय.

---

तालीमवाला

रानवारा, गाव कुठलं ते व्यनि (खासगी निरोप) करा. कोल्हापूरच्या बाजूचं असेल तर रविवारी दोन पोरं घेऊन येतो. मॅट उलगडून ऊन दाखवू आधी, नाहीतर कुबट वास धरते. किल्ली घेणारा लगेच नाही मिळणार. पण चार रविवार कुस्ती दिसली की एखादा पोरगा स्वतःहून मागतो, हे पाहिलंय मी.

---

कोयनेचा_पाहुणा

मीही येतो. कुस्ती येत नाही, पण माती चाळता येते.

---

मंजिरी_सातारा

काय बोलू! मी भाषणाला मुद्दे मागितले आणि इथं तालीम उघडायला निघालात.

माझं ठरलं ते सांगते. भाषण नाही करणार. तीन गोष्टी सांगणार: चळवळीत निरोप पोचवणारा शाळकरी मुलगा, गुरुजींचं घर सोडवणारा पैलवान आणि ड्युटी सांभाळून शिकवणारा पोलीस. निखिलचा हिशेब फळ्यावर साल घालून लिहिणार, टिप्पणी न करता. स्मिता, तुझ्या आईची परात तुझ्या परवानगीने सांगणार. पाहुणे, तुळई धरणारी पोरंही येणार त्यात. मग मुलांना म्हणणार, आपापल्या गावातला असा एक माणूस शोधा आणि त्याला भेटून लिहून आणा. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला पहिलं वाचायला लावणार.

कृष्णाकाठ, मुलांना गोळेश्वरला आणायचं म्हटलं तर जमेल का? एका एसटीत मावतील एवढी आहेत.

---

स्मिता_पोलीसलाईन

परवानगी कसली, आईला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणाली, परातीला पोचा पडला तो वडिलांमुळेच, तेही सांगायला सांग.

---

कृष्णाकाठ_कराड

जमेल, न जमायला काय झालं. तारीख आधी कळवा म्हणजे गावात बोलून ठेवतो. सकाळी लवकर निघा. आधी प्रीतिसंगम दाखवा, मग गोळेश्वर. दुपारच्या जेवणाचं आमच्याकडे, पिठलं-भाकरी आणि ताक. मुली किती, मुलं किती ते सांगा. तालीमवाले, त्या दिवशी तुम्हीही या, ढाक करून दाखवायला कुणीतरी लागेल.

---

तालीमवाला

आलोच. मंजिरीताई, मुलामुलींना बदलायचे कपडे आणायला सांगा. माती लागल्याशिवाय कुणाला परत पाठवणार नाही.